सातवा कप्पा

कड्याचे सात भाग पाडले भावानं, पण त्यांना ‘कप्पे’ हे नाव दिलं बहिणीनं. ती टपाल कचेरीत पत्रं लावण्याच्या खोलीत कामाला होती. पुढ्यात भिंतभर लाकडी कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा, मान वर न करता पत्र ज्याच्या त्याच्या जागी. त्यामुळे चिंचोळ्या घळीपलीकडचा तो उभा कडा आणि त्याच्या फटीफटींत चिखल-शेवाळाची घरटी करून बसलेले पांढरे कुरव, समुद्रावरचे पक्षी, तिनं पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ती म्हणाली, “अरे दादा, हे तर आमच्या कचेरीसारखंच आहे की. फक्त इथली पत्रं ओरडतायत.”

भाऊ हसला नाही. तो मोजत होता.

भाऊ घड्याळजी होता. जिन्याखाली एक दुकान, दुकानात एक माणूस मावेल एवढी जागा, आणि त्या माणसाच्या उजव्या डोळ्यात दिवसभर भिंग. भिंग काढलं तरी तो डोळा मिचकावल्यासारखा बारीकच राहायचा, म्हणून गल्लीत त्याला एकडोळ्या म्हणत. पक्ष्यांच्या कचेरीतला एक साहेब एकदा बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला आणि जाताना विचारून गेला, की वर्षातले पाच दिवस बारीक गोष्टींकडे न कंटाळता बघत बसणारं कुणी आहे का. त्या वर्षीपासून अंडी उबवण्याच्या दिवसांत दुकानाला पाच दिवस कुलूप लागू लागलं. सलग चोवीस वर्षं लागलं.

कामाला माणसं दोन हवीत. दुर्बिणीवरून डोळा काढला की जागा हरवते; कुठपर्यंत आलो होतो ते पुन्हा सापडत नाही, सगळी घरटी सारखीच. म्हणून एकानं बघायचं आणि ओरडायचं, दुसऱ्यानं लिहायचं. लिहायला भावानं बहिणीला नेलं. ती बिनलग्नाची, तिची रजा शिल्लक, अक्षर मोत्यासारखं, आणि वहिनीला समुद्राचा वास सहन होत नसे.

नियम थोडे होते. जागा तीच, म्हणजे घळीच्या अलीकडच्या टोकावर खडकात ठोकलेली लोखंडी खुंटी. दुर्बिणीची तिवई त्या खुंटीवरच. वेळ सकाळचीच. आणि घरट्यात एक पक्षी बसलेला दिसला की जोडी धरायची.

“आणि दुसरा?” तिनं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“दुसरा समुद्रावर गेलाय असं मानायचं.”

“परत आला नाही तर?”

“ते आपल्या रकान्यात नाही, कारकूनबाई.”

घरी तिला तो ताई म्हणून किंवा नावानं हाक मारायचा. कड्यावर मात्र ती कारकूनबाई.

तिची जागाही त्यानंच ठरवून दिली होती. खुंटीपासून सात-आठ पावलं खाली, कडेला, एक लांबट दगड होता. “तू इथे बस,” म्हणाला, “वारा लागणार नाही.” वारा लागायचा. दगड इतका गार, की दुपारपर्यंत कंबर कुणाची आहे ते कळेनासं व्हायचं. समुद्राकडे तोंड केलं तर वारा कागद हिसकावून न्यायचा, म्हणून ती पाठ कड्याकडे करून, टेकडीकडे तोंड करून बसायची. मांडीवर फळी, फळीला चिमटा, चिमट्यात तक्ता. चोवीस वर्षांत तिनं कडा पाहिला तो येताना आणि जाताना. मधला सगळा वेळ कडा म्हणजे पाठीमागून येणारा कालवा आणि त्या कालव्यातून येणारे आकडे.

आकड्यांनी पहिल्याच वर्षी घोळ घातला. भाऊ ओरडला, “तीन, एकोणसाठ!” वाऱ्यानं शेपूट खाल्लं, तिला ऐकू आलं एकोणसत्तर. संध्याकाळी बेरीज वाचताना भावानं कपाळाला हात लावला.

“दहा घरटी वाढवलीस गं!”

“तूच म्हणालास एकोण-काहीतरी. आपल्या भाषेत पुढचा दहा आधीच दाखवून मग एक काढून घेतात, त्याला मी काय करू? सरळ सांग की, पाच-नऊ!”

तेव्हापासून तो सुटे आकडे ओरडू लागला. पाच-नऊ. आठ-तीन. तरी चुका व्हायच्याच. सात आणि आठ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात, मधला ‘आ’ तेवढा उरतो. मग ती मान वळवून ओरडायची, “सात का आठ?” आणि तो दुर्बिणीवरून डोळा न काढता, “आठ, आठ! ताटातला त नाही, काठीतला ठ!” असं काहीबाही ओरडायचा. तक्त्यांवर खाडाखोड ठरलेली. चोवीस तक्ते, सगळे खाडाखोडीचे.

सहा कप्पे झाले की तो दुर्बीण सोडून खाली यायचा, थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतायचा आणि तिच्या शेजारी दगडावर बसायचा. ती टेकडीकडे तोंड करून, तो समुद्राकडे. खांद्याला खांदा, तोंडं दोन दिशांना. दहा मिनिटं तो काही बोलत नसे. चहा पिताना त्याचा कोपर वर जायचा, खाली यायचा, तेवढं तिला खांद्याला कळायचं. दुकानात तो गिऱ्हाईकाशी बोलायचा, घरी वहिनीशी भांडायचा. बहिणीजवळ मात्र नुसता बसायचा. वर्षातले पाच दिवस, दिवसातली दहा मिनिटं. तिला ती पुरायची. म्हणजे पुरायची नाहीत, पण तिनं ती पुरवली.

एकदा कंबर फारच धरली म्हणून ती जरा वर, उन्हातल्या दगडावर जाऊन बसली. भाऊ खुंटीवरून खेकसला, “जागा सोडू नकोस! ती तुझी जागा आहे!” तिला रागही आला आणि आतून बरंही वाटलं. या जगात आपली म्हणून एक जागा आहे आणि ती सोडली तर कुणीतरी ओरडतं, हे तिनं बरेच दिवस जपून ठेवलं.

गेल्या थंडीत भाऊ दुकानातच गेला. भिंग डोळ्यात तसंच होतं म्हणतात.

यंदा हंगामाच्या आधी पक्ष्यांच्या कचेरीतल्या बाई तिच्या खोलीवर आल्या. आकड्यांचं काम त्यांच्याकडे असे. पन्नाशीच्या, दमेकरी, जिना चढून आल्यावर आधी पाच मिनिटं नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, की यंदापासून कड्याचे फोटो उडता कॅमेरा काढणार.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “माझं काय काम?”

“यंदाच तर काम आहे, ताई. एकाच हंगामात दोन्ही पद्धतींनी मोजलं तरच जुन्या आकड्यांची नव्याशी गाठ मारता येते. नाहीतर तुमची चोवीस वर्षं एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. मध्ये पूल नाही.”

“मोजायचा तो. मी लिहायची.”

“आता दुसरं कोण आहे?”

बाईंनी पिशवीतून जुने तक्ते काढले. तिचंच अक्षर. त्यांनी बोट सातव्या ओळीवर ठेवलं आणि आवाज जरा मऊ केला.

“एक विचारू का? राग मानू नका. पहिल्या वर्षी सहा कप्पे मिळून पाचशे अठ्ठेचाळीस घरटी. गेल्या वर्षी दोनशे एकतीस. सगळे कप्पे घसरत आलेत. सातवा मात्र एकोणीस, वीस, एकवीस, पुन्हा वीस. चोवीस वर्षं.”

“असतील तेवढी.”

“असतील. पण दुसरं बघा. वरच्या सहा ओळींत खाडाखोड आहे. सातव्या ओळीत एकदाही नाही. एका वर्षीसुद्धा नाही. ताई, मी आकड्यांत आयुष्य काढलंय. खरी मोजणी इतकी स्वच्छ नसते.”

“म्हणजे दादानं मनाचे आकडे सांगितले म्हणता?”

“मी म्हणत नाही. पण ती ओळ संशयाची म्हणून काढली, तर उद्या कुणी म्हणेल, एक ओळ मनाची तर बाकीच्या कशावरून नाहीत? मग सगळंच जाईल.” त्यांनी पिशवी आवरली. “तुम्ही मोजून बघा. सातवा तुम्हाला कसा दिसतो तेवढं मला सांगा.”

दुर्बीण वहिनीकडे होती. वहिनीनं ती जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली होती. काढून देताना धूळ झटकली नाही.

“घ्या, वन्सं. तुमची सवत.”

“सवत तुमची, वहिनी. मला तर कधी डोळाही लावू दिला नाही त्यानं.”

“एक सांगा. काय बोलायचात हो तुम्ही दोघं तिथे, पाच-पाच दिवस?”

“आकडे.”

“नुसते आकडे?”

“नुसते.”

“आणि मी इथे बसून मनात काय काय आणायची,” वहिनी म्हणाली. “की बहिणीपाशी माझी गाऱ्हाणी सांगत असतील. निदान तेवढं तरी बोलत असतील.” दुर्बिणीबरोबर तिनं एक छोटी, गळ्यात घालायची दुर्बीणही पुढे केली. “हीपण घेऊन जा. पाच दिवस हीसुद्धा गळ्यात असायची.”

पहिल्या दिवशी ती खुंटीपाशी पोचली तेव्हा ऊन नुकतं कड्यावर आलं होतं. तिवई उभी करायला अर्धा तास गेला. डोळा लावला आणि आधी काही दिसलंच नाही, नुसती स्वतःची पापणी. मग एकदम एक पक्षी. इतका जवळ, की ती मागे सरली. पिवळी चोच, काळा डोळा, अंगाखालचा चिखलाचा वाडगा, आणि कशाचीही पर्वा नसलेलं बसणं. चोवीस वर्षं जे एक, दोन, पाच-नऊ असं आपण लिहिलं ते हे होतं, हे तिला पटायला वेळ लागला.

भावानं काढलेलं कड्याचं चित्र तिनं फळीला लावलं होतं. पेन्सिलनं आखलेले सात कप्पे, प्रत्येकाची हद्द एखादी भेग किंवा विष्ठेचा पांढरा ओघळ. तिनं पहिला कप्पा मोजला. लिहायला डोळा काढला, जागा हरवली. पुन्हा मोजला. मग युक्ती सुचली. आकडा मोठ्यानं म्हणायचा, तोंडातल्या तोंडात म्हणत राहायचा आणि कप्पा संपल्यावरच लिहायचा. “तीन-चार,” ती ओरडली. ओरडायची काही गरज नव्हती.

सहा कप्पे झाले. सातवा दिसेना.

चित्रात तो उजवीकडे खाली होता. दुर्बिणीत तिथे कड्याची फासळीसारखी पुढे आलेली एक धार होती आणि त्या धारेमागे काय आहे ते दिसत नव्हतं. तिनं तिवई उंच केली, बुटकी केली. गुडघ्यावर बसली. धार जागची हलली नाही. खुंटीवरून सातवा कप्पा दिसत नव्हता, आज नाही आणि कधीच नाही. खडक काही चोवीस वर्षांत पुढे सरकलेला नव्हता.

ती घरी आली, काही न खाता पडून राहिली. म्हणजे दादा त्या ओळीत मनाला येईल ते सांगायचा. एकोणीस, वीस, एकवीस. आणि ती आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ते लिहायची. हे त्यानं एका ओळीत केलं असेल तर बाकी सहांचं काय? आणि बाकी सहांचं काही असेल तर त्या गार दगडावरच्या एकशेवीस सकाळींचं काय?

दुसऱ्या दिवशीही तेच. सहा कप्पे, पुढे धार. सातव्यासमोर तिनं काही लिहिलं नाही. तक्त्यावर प्रश्न होता: ‘मोजणी पूर्वीच्याच जागेवरून केली का?’ तिथेही पेन टेकवून तिनं उचललं. गेल्या वर्षांचे आकडे बघून वीस लिहिणं अगदी सोपं होतं. दादाची ओळ वाचली असती. तिनं पेनाला टोपण लावलं आणि खिशात टाकलं.

तिसऱ्या दिवशी वारा असा होता की तिवई धरून ठेवावी लागत होती. सहावा संपला तेव्हा हात बधिर झाले होते. ती थर्मास घेऊन खाली दगडावर आली आणि सवयीनं टेकडीकडे तोंड करून बसली. चहा ओतला. दोन पेले काढले होते. दुसरा परत ठेवला. आणि जुने तक्ते चाळू लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

खाडाखोड, खाडाखोड, सहा ओळी. सात का आठ. ताटातला नाही, काठीतला. प्रत्येक खोडलेल्या आकड्यामागे तिला त्याचा ओरडा ऐकू येत होता. सातव्या ओळीवर मात्र काही ऐकू येईना. तिथे ओरडाच नव्हता. तिनं डोळे मिटून आठवलं. सातवा आकडा दादानं कधी ओरडून सांगितला होता? कधीच नाही. तो यायचा चहानंतर. अगदी हळू, कानाशी. “सात. दोन-शून्य. लिही, कारकूनबाई.” वारा मध्ये नव्हताच. म्हणून ती ओळ स्वच्छ होती.

आणि मग तिला कोपर आठवला. वर जायचा, खाली यायचा. एका पेल्याला इतक्या वेळा?

ती जागेवरच उलटी फिरली. समुद्राकडे तोंड करून त्या दगडावर ती पहिल्यांदाच बसत होती. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं. ते पुसून तिनं वहिनीनं दिलेली छोटी दुर्बीण लावली. धार बाजूला झाली होती. तिच्यामागे एक कोनाडा होता. वरून झाकलेला, तिन्ही बाजूंनी बंद, ना लाट पोचेल ना शिकारी पक्षी. त्यात चार आडव्या ओळींत पांढरे कुरव दाटीवाटीनं बसले होते, गेल्या चोवीस वर्षांत या गावावर काही संकट आलंय याची दादच नसल्यासारखे.

तिनं मोजलं. दोन-एक. पुन्हा मोजलं. दोन-एक.

आधी तिला हसू आलं. दादा खोटं बोलला नव्हता. ओळ खरी होती, चोवीसच्या चोवीस वेळा. मग हसू हळूहळू उतरलं. वाऱ्यासाठी म्हणून तिला इथे बसवलं होतं, तो वारा अजून तोंडावर बसत होता. ‘जागा सोडू नकोस’ हे तो तिच्यासाठी ओरडला नव्हता, जागेसाठी ओरडला होता. एक खुंटी त्यानं लोखंडाची ठोकली होती आणि दुसरी बहीण बसवून केली होती. आणि ती दहा मिनिटं, जी तिनं वर्षभर पुरवून पुरवून वापरली, त्यांत तो तिच्याजवळ बसलेला नव्हता. तो मोजत होता.

की दोन्ही? चहा तर तो ओततच होता. मोजून झाल्यावर लगेच उठतही नसे. एकवीस घरट्यांना दहा मिनिटं लागत नाहीत. तिला आत्ता लागली होती दोन. उरलेली आठ कुणाची, हे विचारायला आता कुणी नव्हतं, आणि ते कुठल्या रकान्यातही नव्हतं.

तिनं सातव्या ओळीत एकवीस लिहिलं. स्वच्छ.

संध्याकाळी तिनं कचेरीतल्या बाईंना फोन केला. सगळं ऐकून बाईंनी आधी दम घेतला.

“म्हणजे जागा दोन होत्या. आणि हे कुणी लिहून ठेवलंच नाही?”

“लिहायचं काम माझं होतं,” ती म्हणाली. “मी बघत नव्हते.”

“अहो, चूक नाही काढत मी. उद्या कॅमेऱ्याच्या फोटोत सातवा बघते. एकवीस जुळले तर ओळ राहिली. चोवीसही वर्षं राहिली. पण ताई, त्या दुसऱ्या जागेवर खुंटी लागेल. पुढे कुणालाही तिथूनच बघता आलं पाहिजे. तो नेमका कुठे बसायचा ते सांगता येईल?”

“येईल,” ती म्हणाली.

घरी जाताना वाटेत ती वहिनीच्या दारात थांबली. “उद्या चला ना कड्यावर. लिहायला कुणी नाही.”

“मी?” वहिनी कपडे घड्या करत होती, ती करतच राहिली. “चोवीस वर्षांत कुणी बोलावलं नाही हो. आता काय तो पाण्याचा वास घ्यायला येऊ?” मग जरा वेळानं, “जुळले का पण आकडे त्यांचे?”

“जुळतील.”

“मग झालं,” वहिनी म्हणाली आणि तोंड फिरवून पुढची घडी घातली.

चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला. फोटोत एकवीस.

पाचव्या दिवशी तिनं मोजणी संपवली. ‘पूर्वीच्याच जागेवरून केली का?’ याच्यापुढे लिहिलं: ‘होय. दोन जागा. खुंटी, आणि लिहिणाऱ्याचा दगड.’ मग पिशवीतून छिन्नी, हातोडा आणि नवी खुंटी काढली.

पण नेमकी जागा कुठली? समुद्राकडे तोंड करून ते सांगता येईना. तसं ती कधी त्याच्याबरोबर बसलीच नव्हती. तेव्हा ती पुन्हा आपल्या जागी बसली, पाठ कड्याकडे, तोंड टेकडीकडे, फळी मांडीवर. दगडाचा अर्धा भाग रिकामा सोडला. जरा वेळ थांबली. पाठीमागे कालवा चालूच होता. मग डावा खांदा, जिथे कोपर लागायचा तिथवर, अंदाजानं थोडा बाहेर झुकवला, आणि तसंच झुकून हात खाली नेऊन दगडावर खडूनं फुली मारली.

फुली ओल्या दगडावर नीट उमटेना. तिनं ती पुन्हा एकदा गिरवली आणि मग हातोडा उचलला.